चहावर मिटलेला वाद विकिपीडियावर पुन्हा पेटला (फाळके, तोरणे आणि आपण)

गोदाकाठी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मराठी विकिपीडियावर लिहिणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा इथे काढते आहे. नाशिकमध्ये आम्ही मोजकी मंडळी आहोत. कुणी शिक्षक, कुणी बँकेतून निवृत्त, दोन कॉलेजची पोरं. जमेल तसं लिहितो.

वाद झाला तो दादासाहेब फाळके यांच्या लेखावर. फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे (३० एप्रिल १८७०), गेले ते नाशिकमध्येच (१६ फेब्रुवारी १९४४), आणि 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांनी मुक्काम हलवला तोही इकडेच. साहजिकच आमच्यातल्या प्रत्येकाची त्या पानावर नजर. पहिल्याच परिच्छेदात 'भारतातील पहिला चित्रपट राजा हरिश्चंद्र' असं होतं. आमच्यातल्या एकाने ते काढून 'पहिला चित्रपट तोरणे यांचा श्री पुंडलिक (१९१२)' असं केलं. दुसऱ्याने उलटवलं, म्हणजे बदल रद्द करून जुना मजकूर आणला. पहिल्याने आपला परत आणला. संपादन सारांशात (बदल करताना लिहायच्या छोट्या ओळीत) आधी 'संदर्भ नाही', मग 'संदर्भ वाचायचे असतात', मग 'आधी इतिहास शिकून या' इथपर्यंत गाडी गेली.

शेवटी दोघांना कॉलेज रोडला चहाला बसवलं. तासाभरात तोडगा निघाला: 'पहिला पूर्ण लांबीचा भारतीय मूकपट' असं लिहायचं. दोघेही राजी. रात्री बदल केला, सारांशात लिहिलं 'चर्चेनंतर सहमतीने'. सकाळी बघते तर तिसऱ्याच कुणी सदस्याने उलटवलेलं. सारांश: 'कुठली चर्चा? चर्चा पान रिकामं आहे.' (चर्चा पान म्हणजे प्रत्येक लेखाला जोडलेलं, चर्चेसाठीचं वेगळं पान.)

आता मला सांगा, समोरासमोर बसून भांडण मिटवलं हा काय गुन्हा झाला? मराठीत लिहिणारी माणसं आधीच हाताच्या बोटांवर. त्यात प्रत्येक वाक्यासाठी पानभर चर्चा करत बसलो तर लेख लिहायचे कुणी आणि कधी?

पंचवटीकर

+१. इंग्रजीवाल्यांचे सोपस्कार इंग्रजीवाल्यांना लखलाभ. आपल्याकडे दोन माणसं बोलली आणि पटली, विषय संपला. तिसऱ्याने येऊन खुसपट काढायचं काही कारण नव्हतं.

बखरवाचक

गोदाकाठी, चहाला बसवलंत ते उत्तमच केलंत. पण उलटवणाऱ्याचा मुद्दा बरोबर आहे.

पानाच्या इतिहासात प्रत्येक आवृत्ती राहते. कोणी काय बदललं, कोणत्या मिनिटाला बदललं, सगळं दिसतं. दिसत नाही ते एकच, बदल का केला. सारांशाच्या ओळीत ते मावत नाही. त्यासाठी चर्चा पान आहे. अजून पाच वर्षांनी कुणी तरी नवा येईल आणि 'पूर्ण लांबीचा' हे शब्द बघून म्हणेल, हे काय मध्येच घुसवलंय? तो काढून टाकेल. तेव्हा तुम्ही त्याला कॉलेज रोडची टपरी दाखवणार का?

दुसरं, सहमती ही दोघांच्यात होत नाही. ज्यांना त्या पानाशी कर्तव्य आहे त्या सगळ्यांना हरकत घ्यायची संधी मिळाली आणि कुणी सबळ हरकत घेतली नाही, तर सहमती. तुम्ही जे ठरवलंत तो एक प्रस्ताव होता, चांगला प्रस्ताव होता. त्याला 'सहमतीने' म्हटलंत तिथे ठिणगी पडली.

रीत साधी आहे. बेधडक बदल करा. कुणी उलटवलं तर पुन्हा तोच बदल न रेटता चर्चा पानावर जा. इंग्रजीत तर एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं की सदस्यावर बंदी येऊ शकते, मग म्हणणं बरोबर असो की चूक. आपल्याकडे कुणी इतकं मोजत बसत नाही, पण हेतू तोच.

सिडकोवाला

भो, मी तर अशा वादांना कंटाळून 'नाशिक' लेखातली मिसळवाल्यांची यादीच बघायची सोडून दिली 😀 दर काही दिवसांनी 'नाशिकची सुप्रसिद्ध मिसळ' या मथळ्याखाली नवीन दुकान. पत्ता, वेळ, 'पार्किंगची सोय' सकट. काढलं की अनामिक सदस्य परत टाकतो आणि आपल्याला विचारतो, 'तुम्ही खाल्ली आहे का?' अरे खाल्ली आहे रे बाबा, झणझणीत आहे, पण विश्वकोशात पार्किंग कशाला?

तिथे मात्र सहमती-बिहमतीची भानगड नाही. जाहिरात दिसली की उडवायची.

शब्दकोडं

सिडकोवाला, जाहिरात आणि वाद यांत फरक करायला हवा. उघड जाहिरात, शिव्या, पान कोरं करणं, हे सरळ उलटवायचं. पण समोरच्याचा हेतू चांगला असेल आणि मत वेगळं असेल तर तो वाद. आपल्याकडे दोन्हींना एकच औषध दिलं जातं आणि नवीन माणसं पळून जातात. गेल्या मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यशाळेतली एक मुलगी मला म्हणाली, 'मॅडम, मी लिहिलेलं दहा मिनिटांत गेलं, का गेलं कुणी सांगितलंच नाही.' तिने वर्तमानपत्रातला मजकूर जसाच्या तसा चिकटवला होता, जाणारच होता. पण तिच्या नावाच्या चर्चा पानावर दोन ओळी लिहायला काय झालं होतं?

गौरव दिनावरून आठवलं. कुसुमाग्रजांच्या लेखात जन्मस्थान पुणे. दर फेब्रुवारीत कुणी तरी नाशिककर मोठ्या प्रेमाने ते 'नाशिक' करतो. तात्यासाहेब आपले, घर इथे, ज्ञानपीठ मिळालं (१९८७) तेव्हा मिरवणुकीचा आनंद आपला, पण जन्म पुण्याचा आहे. अशा ठिकाणी मजकुरात फक्त संपादकालाच दिसेल अशी छुपी टीप टाकता येते: 'बदलण्यापूर्वी चर्चा पान पाहा.' भांडणाची निम्मी हवा तिथेच निघते.

रापण

ते उलटवणारा मीच. मालवणचा आहे. मी हय भांडूक नाय इलंय, पण इथे विषय निघालाच आहे तर माझी बाजू मांडतो.

दादासाहेब तोरणे आमच्याकडचे म्हणून मला पुळका आहे असं समजू नका. (आहे थोडा. तुम्हाला फाळक्यांचा आहे तितकाच.) 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. 'राजा हरिश्चंद्र' त्याच चित्रपटगृहात ३ मे १९१३ ला. मध्ये जवळजवळ एक वर्ष आहे. तुमच्या चहावरच्या तोडग्यात 'पूर्ण लांबीचा' हे दोन शब्द घालून तुम्ही मोकळे झालात आणि तोरण्यांचं नाव पानावरून साफ गेलं. दोघांची भांडणं मिटली, तिसऱ्याचं नाव पुसून. म्हणून उलटवलं.

पंचवटीकर

पण 'पुंडलिक' म्हणजे नाटकाचं चित्रण होतं ना? कॅमेरा लावला आणि रंगमंचावरचं टिपलं. कॅमेरामन ब्रिटिश, फिल्म धुवायला लंडनला पाठवली. त्याला भारतीय चित्रपट म्हणायचं?

रापण

लंडनचं म्हणाल तर फाळके १९१२ सालच्या फेब्रुवारीत लंडनलाच गेले होते. सेसिल हेपवर्थ या ब्रिटिश चित्रपट निर्मात्याकडे काम बघितलं, विल्यमसनचा कॅमेरा विकत घेतला, मग परत आले. त्यामुळे 'लंडन' हा शब्द फक्त एकाच्याच विरोधात वापरू नये.

बखरवाचक

रापण, मुद्दा चांगला आहे, पण फरकही आहे. फाळक्यांनी कॅमेरा आणला, त्र्यंबक तेलंग यांना तो चालवायला शिकवला आणि फिल्म स्वतः घरी धुतली. तरीही माझं म्हणणं वेगळंच आहे. हा निवाडा तुम्ही, मी किंवा पंचवटीकर करायचाच नाही. 'पहिला' म्हणजे काय हे ठरवणं विकिपीडियाचं काम नाही. कोणी कशाच्या आधारावर कुणाला पहिला म्हटलं आहे, एवढंच आपण सांगायचं. सरकारने भारतीय चित्रपटाची शंभरी 'राजा हरिश्चंद्र'पासून धरून २०१३ साली साजरी केली. १९६९ पासून दिल्या जाणाऱ्या सर्वोच्च पुरस्काराला फाळक्यांचं नाव आहे. ही तथ्यं आहेत. आणि तोरण्यांचा चित्रपट आधी लागला हेही तथ्यच आहे. दोन्ही शेजारी ठेवली की एकमेकांना खोटं पाडत नाहीत.

तटस्थता म्हणजे दोघांना निम्मी निम्मी जागा असंही नाही बरं का. फाळक्यांच्या लेखात तोरण्यांना दोन वाक्यं, तोरण्यांच्या लेखात सविस्तर. ज्याचं जिथे जेवढं वजन.

पंचवटीकर

माझ्या आजोबांनी फाळक्यांचं चित्रीकरण गोदाकाठी स्वतः पाहिलं होतं. ते सांगायचे की लोक बैलगाड्या करून यायचे. हे लेखात घालायला गेलो तर 'संदर्भ हवा' चिकटवलं. माझ्या आजोबांपेक्षा छापील कागद खरा?

शब्दकोडं

काका, आजोबा खरेच असणार. पण वाचणाऱ्याने ते पडताळायचं कसं? हा प्रश्न आपल्यापुरता नाही. २०११ मध्ये तोंडी संदर्भांचा एक प्रयोग झाला होता, मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या सेपेडी भाषेत. जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्याच संदर्भ म्हणून द्यायच्या. छापील साधनं ज्या भाषांत कमी आहेत तिथे हे आवश्यकच आहे असं माझं मत. पण तो नियम झाला नाही. तोवर आजोबांची आठवण तुम्ही एखाद्या दिवाळी अंकात लिहा, छापून येऊ दे. मग दुसरं कुणी तरी तिचा संदर्भ देईल. तुम्ही स्वतः देऊ नका, हितसंबंध म्हणतील 🙂

द्राक्षबाग

एवढा काथ्याकूट कशाला? आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. पन्नास पोरं येऊन चर्चा पानावर 'पाठिंबा' लिहितील. कौल आपल्या बाजूने. विषय खल्लास.

बखरवाचक

कृपा करून असं करू नका. चर्चा पानावर डोकी मोजत नाहीत, मुद्दे मोजतात. एकाच संध्याकाळी नवी खाती उघडून पन्नास जणांनी 'पाठिंबा' लिहिला तर प्रचालक (देखरेखीचे जादा अधिकार असलेले सदस्य) ते सगळे बाजूला ठेवतात. वर, ज्याने बोलावलं त्याची पत जाते ती वेगळीच. कळवायचं असेल तर चावडीवर (विकिपीडियावरच्या सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) तटस्थ शब्दांत एक ओळ टाका: 'फाळके लेखाच्या प्रस्तावनेवर चर्चा चालू आहे, मत द्यावे.' कोणत्या बाजूने द्यावे हे लिहायचं नाही.

गोदाकाठी

बरं. पण मला एक सांगायचंच आहे. त्या दोघांचा राग पानावर उतरला नसता, चहावरच उतरला. अक्षरांतून सूर कळत नाही. 'संदर्भ वाचायचे असतात' हे एकाने सहज लिहिलेलं, दुसऱ्याला टोमणा वाटला. समोर बसल्यावर दोन मिनिटांत हसले दोघंही. चर्चा पानाने हे होतं का?

लेणीवाट

आतापर्यंत नुसता वाचत होतो. गोदाकाठी, राग उतरवायला चहा, हे मान्य. पण मजकूर ठरवायला चहा, याला माझा विरोध आहे. आणि तो नियमांमुळे नाही.

चहाच्या टेबलावर कोण नव्हतं ते बघा. फाळक्यांच्या बाबतीत मालवणचा माणूस नव्हता, त्याचं नाव गेलं. हेच काळाराम मंदिराच्या लेखाला लावून बघा. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं त्यात होती, पुढे काही वर्षं तो चालला. आता मंदिराच्या लेखात बांधकामाला, मंदिर बांधणाऱ्या ओढेकरांना, काळ्या पाषाणाला किती ओळी आणि सत्याग्रहाला किती, हे कुठल्या टेबलावर ठरणार? एका बाजूची चार मंडळी एकत्र बसली तर अगदी सज्जनपणे, हसतखेळत 'त्याचा स्वतंत्र लेख आहेच की, इथे एक ओळ पुरे' असं ठरवतील. कुणाचाही हेतू वाईट नसेल. ज्याला खटकलं असतं तो तिथे नसतो, एवढंच. चर्चा पानावर तो उशिरा का होईना, येऊ शकतो. आणि आला तर आधीचं सगळं वाचूनच बोलतो.

पंचवटीकर

लेणीवाट, हा मुद्दा मी असा बघितला नव्हता. विचार करतो.

सिडकोवाला

काका आणि विचार! स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे. (हलकं घ्या.)

शब्दकोडं

आता कामाचं बोलू. रापण, बखरवाचक, हा मसुदा बघा:

'राजा हरिश्चंद्र (१९१३) हा भारतातील पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानला जातो. त्याच्या वर्षभर आधी रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा श्री पुंडलिक प्रदर्शित झाला होता. परंतु ते नाटकाचे केवळ चित्रीकरण असल्याने त्याला पहिला चित्रपट म्हणता येत नाही.'

रापण

तीन हरकती. 'मानला जातो', म्हणजे कोण मानतं? 'केवळ' कशाला? आणि 'म्हणता येत नाही' हा निकाल कुणाचा? आत्ताच वर ठरलं ना की निकाल आपण द्यायचा नाही?

शब्दकोडं

मान्य. दुसरा मसुदा:

'फाळके यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. भारत सरकारने २०१३ साली भारतीय चित्रपटाची शताब्दी याच चित्रपटापासून गणली. त्याआधी १८ मे १९१२ रोजी रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा श्री पुंडलिक मुंबईत प्रदर्शित झाला होता. रंगमंचावरील नाटकाचे चित्रीकरण आणि परदेशी छायाचित्रकार या कारणांवरून त्याला पहिला चित्रपट मानण्याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.'

शेवटच्या वाक्याला दोन्ही बाजूंचा एकेक संदर्भ लागेल. नसेल मिळत तर ते वाक्य जाईल, बाकी तीन राहतील.

रापण

हे चालेल. 'पहिला' हा शब्द फाळक्यांच्या बाजूने कुठेच नाही हे तुमच्या नाशिककरांना चालणार आहे का?

पंचवटीकर

मला टोचतंय. खोटं नाही बोलणार. पण सरकारने शताब्दी तिथून धरली हे वाचल्यावर वाचकाला काय कळायचं ते कळतंच.

बखरवाचक

मसुदा छान. पण मंडळी, आपण परत तेच करतोय. टपरीऐवजी धागा. शब्दकोडं, हा मसुदा आणि रापण यांच्या तीन हरकती तिकडे चर्चा पानावर टाका. शेवटी चार टिल्डा (~~~~) टाकून सही करायला विसरू नका. इथली चर्चा तिथे कुणाला दिसत नाही.

सिडकोवाला

अवांतर: 'राजा हरिश्चंद्र'ची आज जी रिळं उरली आहेत ती १९१३ची की फाळक्यांनी १९१७ला पुन्हा केली त्याची, यावरही अभ्यासकांत वाद आहे म्हणे. तो वाद पण काढू का? 😀

बखरवाचक

काढा, पण चित्रपटाच्या लेखावर. फाळक्यांच्या लेखावर नको. एका वेळी एकच पान पेटू दे.

गोदाकाठी

शब्दकोडं यांनी मसुदा चर्चा पानावर टाकला आहे, मी चावडीवर तटस्थ ओळ टाकली. आमच्या त्या दोघांनाही तिथेच लिहायला सांगितलं. एकाने लिहिलं. दुसरा म्हणतो, 'मी चहावर बोललो तेवढं पुरे.' त्याला परत चहाला नेणार आहे, पण या वेळी लॅपटॉप घेऊन. चहा मी सोडणार नाही, हे बखरवाचक यांनी लक्षात घ्यावं.

लेणीवाट

चर्चा पानावर एक नवीन सदस्य आला आहे. त्याचं म्हणणं, ३ मेच्या आधी २१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला होता, तर प्रदर्शनाची तारीख ती का नाही?

रापण

मग तोरण्यांचाही काही खाजगी खेळ झाला असेल तर तो शोधावा लागेल 🙂 गंमत सोडा, मुद्दा रास्त आहे. 'पुंडलिक'बद्दल मे १९१२ मधल्या टाइम्स ऑफ इंडियातल्या जाहिरातीचा दाखला देतात. मला ती मूळ पानावर बघायची आहे, नुसता दुसऱ्याने दिलेला दाखला नको. मालवणात बसून होणार नाही. नाशिकला कुणी बघेल का?

शब्दकोडं

सार्वजनिक वाचनालयात चित्रपट इतिहासाची जुनी पुस्तकं निघतील. १८४०ची संस्था आहे, काही ना काही मिळेलच. शनिवारी जाते. मतभेदाच्या वाक्याचे दोन संदर्भ पृष्ठ क्रमांकासकट आणते. जुन्या टाइम्ससाठी मात्र मुंबईतल्या कुणाला तरी गाठावं लागेल.

द्राक्षबाग

मुंबईला पुढच्या आठवड्यात जाणार आहे. तारीख सांगा, मी बघतो. (ग्रुपवर काही टाकलेलं नाही, काळजी नसावी.)

बखरवाचक

तोवर लेखात तीन वाक्यं घातली आहेत, चौथं संदर्भ येईपर्यंत चर्चा पानावरच. तारीख ३ मे ठेवली आहे आणि २१ एप्रिलचा खेळ मजकुरात वेगळा नोंदवला आहे, कारण सार्वजनिक प्रदर्शन आणि निमंत्रितांचा खेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'पुंडलिक'लाही हाच निकष लावला आहे. कुणाची हरकत असेल तर तिकडे लिहा, मी इथे उत्तर देणार नाही.